जहाजावरून रुसून जाता येत नाही

आक्का,

धारूरच्या बाजारात मी एकटा साडीच्या दुकानात शिरलो, हे तुला खरं वाटायचं नाही. जन्मभर मी दुकानाच्या पायरीवर पिशव्या राखत बसलो आणि आत तुम्ही बायका तास तास रमलात. त्या सकाळी दाजींचा फोन आला, तू गेलीस म्हणून. मी नुसताच उभा राहिलो, तेव्हा सुमननं माझ्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "साडी तुम्हालाच आणायची आहे. बहिणीची शेवटची साडी भावानंच आणायची असते." दुकानदारानं विचारलं, लग्नाची दाखवू का नेहमीची? मी म्हणालो, हिरवी. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, पुढं काही विचारलं नाही आणि आतल्या कपाटातून एक काठापदराची काढून दिली. चांगली होती. तुला आवडली असती, आणि तरीही तू म्हणाली असतीस की बापूला दुकानदारानं फसवलं.

युसूफ वडगावला पोचलो तर तुझ्या दारात निम्मा गाव बसलेला. एका म्हाताऱ्यानं आत निरोप दिला, "माहेरचे आले." तेवढं ऐकलं आणि बसलेली माणसं उठली. म्हणजे सगळे माझ्यासाठी थांबले होते. सवाष्ण बाई गेली की माहेरची साडी अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत, ही रीत मला काय ठाऊक नव्हती? पण आजवर ती मी दुसऱ्यांच्या दारात बघितली होती. त्या दिवशी माझी वाट बघत माणसं उन्हात ताटकळली होती.

साडी आत गेली. तुझी शेजारीण रशिदाबी तुझ्या उशाशी बसली होती. तिनं साडीची घडी मोडली आणि तुला म्हणाली, "आला बाई तुजा भाऊ न्यायला. आता तरी आला." हळू आवाजात नाही, ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं. कुणी तिला गप्प केलं नाही. ती खोटं बोलत नव्हती.

आज वीसेक दिवस झाले. लोक भेटायला येतात, तुझं वय विचारतात, काय झालं होतं ते विचारतात, मी सांगतो. मला तुझ्याशी जे बोलायचं राहिलंय ते त्यातलं काहीच नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलं, आक्का. तू मधूनच उठून गेलीस आणि आता दोन्ही बाजू मला एकट्यालाच मांडाव्या लागतायत.

भांडण जहाजाचं. दिसायला तरी जहाजाचंच.

सुरुवात अमोलच्या लग्नात झाली. माझ्या एकुलत्या एका पोराचं लग्न, केजच्या कार्यालयात. आपला धाकटा विलास आष्टीहून सहकुटुंब आला आणि फेटे बांधायच्या वेळी त्याचा नंबर नवरीकडच्या गाडीच्या ड्रायव्हरनंतर लागला. झालं. त्यानं फेटा काढून खुर्चीवर ठेवला, बायकोला हाक मारली आणि न जेवता आष्टीची वाट धरली. आपल्या घरात हे नवं नाही. माझ्या आठवणीत आपलं एकही कार्य रुसव्याशिवाय पार पडलेलं नाही, फक्त रुसणारा बदलतो. सगळे विलासच्या मागं धावत होते, आणि तू पंगतीत बसून शांतपणे बुंदी खात होतीस. पंगतीत घास भरवायला आलेला अमोल तुझ्याजवळ टेकला होता आणि मोबाईलवर तुला एका जहाजाचा व्हिडिओ दाखवत होता. पाण्यावर दहा-बारा मजली हॉटेल, त्यात जेवायच्या मोठमोठ्या खोल्या, पोहायचा तलाव. समुद्रावर असून पुन्हा पोहायला वेगळा तलाव कशाला, असं तू विचारलंस. मग म्हणालीस,

"ह्याच्यावरनं मधीच उतरता येतं का रं?"

"नाही आत्या. समुद्रात कुठं उतरणार?"

"मंग आपल्या समद्यायला ह्याच्यावरच न्या. जहाजावरनं कुणाला रुसून जाता येत न्हाई."

पंगत हसली. मी हसलो नाही, कारण मला ते पटलं होतं.

तुला माहीत आहे मी कसा माणूस. तीस वर्षं एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. काचेच्या खोलीत बसून माईकवर सांगायचं, अमुक गाडी अमुक फलाटावर लागलेली आहे. लोकांनी ऐकायचं आणि वेळेवर येऊन बसायचं. कुणाच्या घरी जाऊन, बाबा चल, तुझी गाडी लागली, असं सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. निवृत्त झाल्यावर सांगायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून मी सुमनच्या स्वयंपाकाचं वेळापत्रक करायला लागलो होतो. ती मला घराबाहेर काढायच्या बेतात होती, त्यात तू मला जहाज दिलंस.

दिवाळीत मी कामाला लागलो. मोबाईलवर सगळ्यांचा ग्रुप काढला, नाव ठेवलं 'सागर सफर'. आखीव वहीत तक्ता केला. मुंबईहून निघायचं, गोवा बघायचं आणि परत यायचं, चार दिवस. कोण कुठून निघणार, कुणी कुठं भेटायचं, कोणत्या खोलीत कोण. विलासच्या बायकोला खिडकीची खोली पाहिजे होती, सूनबाईला खिडकीची भीती वाटत होती. दाजींना एसटीत बसलं तरी ढवळतं, त्यामुळं त्यांनी आधीच हात जोडले होते. तुला मी सुमनच्या खोलीत ठेवलं, खालच्या पलंगावर, तुझ्या गुडघ्यांमुळं. तू येणार की नाही, हे मी विचारलंही नव्हतं. तुझीच तर कल्पना.

ग्रुपवर टाकलं, सर्वांनी रविवारपर्यंत आधार कार्डाचा फोटो पाठवावा. सगळ्यांचे आले. फेटा विसरून विलासचाही आला. तुझा आला नाही. आठवड्यानं पुन्हा टाकलं, ज्यांचे राहिले आहेत त्यांनी त्वरित पाठवावेत. ज्यांचे म्हणजे तुझाच. त्यावर तू शुभ सकाळ लिहिलेलं गुलाबाचं चित्र पाठवलंस. मग मी फोन केला.

"आक्का, आधार कार्ड."

"हाय की. पेटीत हाय."

"फोटो काढून पाठव. रशिदाबीच्या पोरीला सांग, ती काढंल."

"सांगते." मग म्हणालीस, "तू ये की एकदा इकडं."

"कावून? फोटो काढायला?"

"न्हाई रं. असंच ये. यांच्याशी बोल."

"दाजीशी काय बोलायचं? ते येत न्हाईत म्हणलेत. तुजं तू निघून ये, केजला आमी गाडी थांबवतो."

"बरं," तू म्हणालीस. "बगू."

तुझं 'बगू' मला लहानपणापासून पाठ आहे. आणि तू काय मागतेस, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पुढं मी सगळ्यांना सांगत राहिलो की आक्काच्या मनात काय होतं देव जाणे. सुमनलाही तेच सांगितलं. आज तुझ्याजवळ कबूल करतो, मला कळलं होतं.

तुझं लग्न झालं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पंचमीला आणि दिवाळीला तुला माहेरी आणायला आई-दादा मलाच पाठवायचे. मुराळी म्हणून. हातात पिशवी, पिशवीत नारळ, खण आणि आईनं बांधून दिलेला डबा. तुझ्या सासऱ्यांना, तात्यांना, त्या पिशवीवरूनच कळायचं मी कशाला आलोय. तरी ते ओट्यावरून विचारायचे, "काय काढलंस बे?" मग मी पाठ केलेलं म्हणायचं, "आक्काला न्यायला आलोय. पाठवता का?" ते उत्तर न देता तंबाखू मळायचे. मी उभा. एकदा म्हणाले, खुरपणी चालू हाय, आठ दिवसांनी ये. एकदा दोन दिवस बसवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी नाही म्हणाले. तू दाराआडून माझ्या खिशात शेंगदाण्याचे लाडू कोंबलेस आणि मी एकटाच परत निघालो. गाडीत मी रडलो, ते तुला कधी सांगितलं नाही. मिसरूड फुटल्यावर मी ठरवून टाकलं, त्या ओट्यासमोर पुन्हा हात बांधून उभं राहायचं नाही.

पुढं आई गेली, दादा गेले, तात्याही गेले. ओट्यावर दाजी बसायला लागले, ज्यांनी आयुष्यात दारातल्या कुत्र्यालाही परत जा म्हटलं नसेल. पण सुंभ जळला तरी माझा पीळ काही गेला नाही. मी तुला न्यायला यायचं बंद केलं आणि वर त्याला सुधारणेचं नाव दिलं. आठवतं, तुझ्या ओसरीवर आपलं जुंपलं होतं ते?

"तू काय बोचकं हायस का आक्का, कुणी तरी येऊन उचलून न्यायला? तुजंच घर हाय. तासाला गाडी हाय. वाटलं की बसायचं."

"गाडी हाय रं. पण गाडी मला न्यायला येती का? ती तर समद्यायलाच नेती."

"मंग दाजीला इचारायचं, पाठवता का म्हणून? ह्या वयात? तू काय त्यांची म्हैस हायस?"

"त्यायला न्हाई इचारायचं रं. ते कशाला न्हाई म्हणत्यात. पण न्यायला माणूस दारात आलं, म्हंजी गल्लीला दिसतं, हिच्या मागं कुणी हाय."

मी त्यावर मोठं भाषण दिलं होतं. बाईनं स्वतःच्या पायावर चालावं, रीतीभातींनी तुम्हालाच बांधून ठेवलंय, वगैरे. तू ऐकून घेतलंस आणि मला जेवायला वाढलंस. त्यानंतर कार्य असेल तरच तू धारूरला आलीस, कारण कार्याची पत्रिका घेऊन कुणी ना कुणी तुझ्या दारात येत असे आणि तेवढ्यावर तू भागवून घेत होतीस. दिवाळीला आली नाहीस. मी दर दिवाळीला फोनवर म्हणायचो, "ये की." तू म्हणायचीस, "बगू."

माझं भाषण चूक नव्हतं, आक्का. आजही मला ते चूक वाटत नाही, आणि हीच माझी अडचण आहे. मी बरोबर बोलत होतो, फक्त तुझ्यासाठी बोलत नव्हतो. तात्यांच्या ओट्यासमोर उभं राहिलेल्या त्या दहा वर्षांच्या पोराची बाजू घेऊन बोलत होतो आणि नाव तुझं घेत होतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, एक गोष्ट मी सोयीनं विसरलो होतो. दहावीत गणितात उडालो तेव्हा दादांनी ठरवलं होतं, आता ह्याला ऊसतोडीच्या टोळीबरोबर पाठवायचं. माझ्या हातात कोयता द्यायचा तेवढा बाकी होता. ते तुझ्या कानावर गेलं आणि तू एकटी धारूरला आलीस. न बोलावता. लग्नानंतर तेवढी एकच वेळ तू न्यायला कुणी नसताना आलीस. दादांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बापूला न्यायला आलीय. पाठवता का?" दादा इतके दचकले की त्यांनी हो म्हणून टाकलं. वर्षभर मी तुझ्या घरी राहिलो, तात्यांचं टोमण्यांचं जेवण जेवलो आणि गणितात सुटलो. ती नोकरी, ती काचेची खोली, तो माईक, सगळं त्या एका वर्षावर उभं राहिलं. तात्यांच्या पुढं त्यासाठी तू काय काय ऐकून घेतलंस ते मला कधीच कळू दिलं नाहीस. मीही कधी विचारलं नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायला मी सहज एखादी दिवाळी काढू शकलो असतो.

जहाजाच्या बुकिंगची शेवटची तारीख आली. सुमन म्हणाली, "एकदा जाऊन या ना वडगावला. तासाभराची तर वाट आहे." मी म्हणालो, "गाडी कुणासाठी थांबत नसते." आणि तक्त्यातून तुझं नाव काढलं. पेननं. खालचा पलंग मी स्वतःच्या नावावर केला.

आम्ही गेलो. संक्रांत होऊन गेली होती. विलासच्या बायकोनं डबाभर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. बंदरावरच्या माणसानं सांगितलं, घरचं खाणं आत न्यायचं नाही. टाकून द्यायला तिचा जीव होईना, म्हणून आम्ही सगळ्यांनी रांगेत उभ्या उभ्या धपाटे खाल्ले, आणि पुढच्या रांगेतल्या एका अनोळखी कुटुंबालाही खाऊ घातले. तू असतीस तर त्या बंदरावरच्या माणसालाही एक दिला असतास. समुद्राचं काय सांगू? पहिल्या दिवशी सगळे कठड्याला चिकटून उभे होते, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जेवणाच्या वेळा पाठ झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी विलास रुसला. पत्त्यात अमोलनं त्याची चोरी पकडली आणि सूनबाईसमोर बोलून दाखवली. विलासनं पत्ते टाकले, उठला आणि सवयीनं बाहेर निघाला. पण आष्टीची गाडी कुठली? तो जहाजाला फेऱ्या मारायला लागला. आम्ही बसलो होतो तिथून दर दहा मिनिटांनी, तोंड फिरवून, तो पुढून जायचा. चार फेऱ्या झाल्या. कुणी हसलं नाही, कुणी बोलवायलाही गेलं नाही. जेवायच्या वेळी तो येऊन मुकाट्यानं बसला आणि म्हणाला, "आक्का म्हणलती ते खरं हाय राव. जायचं कुठं?" अमोलनं त्याच्या ताटात वाढलं. मग सगळे तुझ्याबद्दल बोलायला लागले आणि सुमन माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आत्ता तू ह्या टेबलावर पाहिजे होतीस. विलासला पाठीत धपाटा घालून तू म्हणाली असतीस, फिर अजून.

परत आल्यावर दोन दिवसांनी तुझा फोन आला. तू रागावलेली नव्हतीस. रागावली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

"पोचलात का समदे नीट?"

"पोचलो."

"पाणी कसं असतं रं, लई लांबवर?"

"खारट असतं."

"कुणी रुसलं का?"

मी म्हणालो, "न्हाई. कुणी रुसलं न्हाई."

"बरं झालं," तू म्हणालीस.

तुझं म्हणणं खरं ठरलं होतं. आख्खं जहाज त्याला साक्षी होतं. ते तुझ्या पदरात टाकायला माझं काय जात होतं? पण मला तू न आल्याचा राग होता, आणि तुला आनंद होईल असं काही तुला द्यायचं नव्हतं. इतका हलकट मी दुसऱ्या कुणाशी वागलो नाही. त्यानंतर चार महिने मी विचार करत होतो की पुढच्या फोनवर हसत हसत सांगून टाकू, अगं, विलास रुसला होता, चार फेऱ्या मारल्या त्यानं. ते सांगायचं राहून गेलं. आज सांगतोय, पण आज तू हसलेली मला ऐकू येत नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी वडगावला गेलो. दाजी एकटेच पडले. पोरं आपापल्या नोकरीच्या गावी परत गेलेली. मला वाटलं, दोन दिवस त्यांना धारूरला आणावं, तेवढीच जागा पालटेल. ते ओट्यावर बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दाजी, तुमाला न्यायला आलोय. चला." बोललो आणि मलाच कानकोंडं झालं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

दाजी "बसा," म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं रशिदाबीला चहाचं सांगायला गेले असतील. आतून भांड्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दाजी ताटलीत दोन कप घेऊन आले, दोन्ही हातांनी धरून, पाय बघून बघून टाकत. आक्का, ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या हातानं पाणी घेतलं नाही, तो माझ्यासाठी चहा करून आणत होता.

"तुमी केला?"

"मंग. खिचडी बी येती. पिठल्यात गुठळ्या व्हत्यात, पण येतं."

"कवा शिकलात?"

"तुमच्या जहाजाच्या टायमाला." त्यांनी फुंकर मारून घोट घेतला. "मी दुसऱ्याच्या घरचं खात न्हाई, हे तिला म्हाईत. म्हणली, चार दिस मी न्हाई तर उपाशी बसताल, शिका. दिवाळीपासनं रोज सकाळी चुलीम्होरं उभं केलं मला. च्या, मंग खिचडी. लई वरडायची. मी म्हणलो, अगं पण तुजं जायचं ठरलंय का? तर म्हणली, बापू न्यायला आला की ठरलंच."

चहात साखर बरोबर होती.

"दाजी, मी आलो असतो तर तुमी पाठवलं असतं?"

"मी कोण अडिवणार? पण तुमी दारात येऊन इचारायला पायजे व्हतं का न्हाई? तिला तेवढंच पायजे व्हतं. फोन आला की ती म्हणायची, आता येईल." त्यांनी कप खाली ठेवला. "जहाज गेलं. मी म्हणलो, चला, सुटलो शिकण्यातनं. तर न्हाई. पिठलं तवा शिकिवलं. म्हणली, औंदा न्हाई आला तर फुडल्या साली येईल. मी म्हणलो, कशावरनं? म्हणली, त्याला येळ लागतो, पण येतो."

तासाभराची वाट होती, आक्का. दोन शब्द म्हणायचे होते, तेही लहानपणी पाठ केलेले. तेवढ्यासाठी मी आलो नाही आणि समुद्रापर्यंत जाऊन आलो. मी यायला पाहिजे होतं. तुझी बाजू बरोबर होती की माझी, ते राहू दे. मी यायला पाहिजे होतं.

दाजी काही माझ्याबरोबर आले नाहीत. म्हशीचं कोण बघणार, म्हणाले. मी उठलो, दोन्ही कप उचलले आणि विसळायला मोरीकडं निघालो, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतले.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "ते बी शिकिवलंय तिनं."